जातीचा रिपोर्ट कोणती लॅब देते?

"ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावची, वय २५. बी.एस्सी. झाल्यावर तालुक्याच्या कृषी केंद्रात हिशेबाचं काम करते. कॉलेजपासून ओळखीच्या एका मुलाशी मला लग्न करायचं आहे. तो दुसऱ्या जातीचा आहे (दोघांच्या जाती पत्राच्या शेवटी लिहिल्या आहेत). घरी सांगितलं आणि त्याच आठवड्यात आत्या मुक्कामाला आली. तिला मी सून म्हणून पाहिजे. म्हणते, 'घरची पोरगी घरात राहीन, रगतात भेसळ कायले करता?' आतेभावाने बाबांना व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवला. त्यात लिहिलंय की प्रत्येक जातीचा डीएनए वेगळा असतो हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, आपल्या पूर्वजांना ते आधीच माहीत होतं, म्हणून तर त्यांनी जाती आणि गोत्रं पाडली. वर आत्याचं एक वाक्य रोज असतं, 'त्याइच्यात सिकल असते.'

आता खरी गोष्ट सांगते. मागच्या वर्षी आशाताईंनी गावात सिकलची तपासणी केली तेव्हा मीच पॉझिटिव्ह निघाले. यवतमाळला पुढची तपासणी झाली, एएस आलं. मग आईबाबांची केली. बाबा एएस, आई एए. आई म्हणते हे घराबाहेर जाऊ देऊ नको, आत्यालाही सांगू नको. मुलाची पीएचसीत तपासणी झाली, निगेटिव्ह आहे. माझं त्याला माहीत आहे, त्याच्या घरच्यांना नाही. मेसेजमधलं खरं आहे का? आमचं रक्त खरंच वेगळं असतं का? आणि मी आता काय करू?"

पोरी, दोन्ही जाती तू लिहिल्यास, पण मी त्या छापल्या नाहीत. छापल्या असत्या तर निम्म्या वाचकांनी उत्तर वाचायच्या आधीच बाजू घेतली असती. शिवाय उत्तराला त्यांची गरजही नाही. त्यांच्या जागी विदर्भातल्या दुसऱ्या कुठल्याही दोन जाती ठेवल्या तरी माझं पुढचं सगळं लिहिणं तसंच राहील.

आधी सिकलचा, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, हिशेब करू, कारण घाई त्याची आहे. तू हिशेबातलीच आहेस, तुला जड जाणार नाही.

प्रत्येक माणसात हिमोग्लोबिनच्या या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. 'ए' म्हणजे साधी प्रत, 'एस' म्हणजे सिकलची. तुझ्याकडे आईची 'ए' आहे आणि बाबांची 'एस', म्हणून तू एएस, नुसती वाहक. बाबांना ती एस मिळाली तुझ्या आजोबांकडून किंवा आजीकडून. म्हणजे ज्या घरातून ती आली त्याच घरात तुझी आत्या जन्मली. आजी-आजोबांपैकी एकाकडे एस होती असं धरलं, तर आत्याकडे ती असण्याची शक्यता निम्मी आणि तिच्या मुलाकडे चौथाई. आत्याच्या यजमानांच्या बाजूने काही आलं असेल तर ते वेगळं, ते मी यात धरलेलंच नाही. आता तू एएस आणि आतेभाऊही एएस निघाला, तर तुमच्या प्रत्येक मुलाला एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता चारात एक. आतेभावाची तपासणी होत नाही तोवर चौथाईची चौथाई धरायची, म्हणजे सोळात एक. तुझा मित्र तपासणीत खरोखर एए निघाला, तर त्याच्याशी लग्न करून एसएस मूल होण्याची शक्यता शून्य. मुलांपैकी काही तुझ्यासारखी एएस होतील, तेवढंच.

'त्याइच्यात सिकल असते' म्हणणाऱ्या आत्याला हे गणित कुणीतरी दाखवायला पाहिजे. तपासणीची सगळ्यात जास्त गरज आज कुणाला असेल तर ती तिच्याच घराला आहे.

मात्र हे वाचून मित्राला लगेच हिरवा झेंडा दाखवू नकोस. त्याची पीएचसीत झाली ती सॉल्युबिलिटी असणार. त्या तपासणीत रक्तात एस आहे की नाही एवढंच कळतं. बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक तिच्यातून सहज निसटतो. तो तसा वाहक असेल आणि तू एएस, तर मुलाला एकाकडून एस आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमिया येऊ शकतो, तोही चारात एक या प्रमाणात. असं मूल जवळजवळ एसएससारखंच आजारी पडू शकतं. म्हणून त्याची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी तपासणी, करून घ्या, सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. एचपीएलसीत ए-टू या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचा आकडा बघतात. शरीरात लोह फार कमी असेल तर तो आकडा फसवतो, म्हणून रिपोर्ट नुसता आणू नका, डॉक्टरांना दाखवा. यवतमाळच्या मेडिकल कॉलेजात, सेवाग्रामला किंवा नागपूरच्या मेडिकलला विचारा.

आता मेसेजकडे वळते. हसून सोडून देण्यासारखा तो नाही, त्यात खऱ्याचा एक तुकडा आहे आणि म्हणूनच तो गावोगाव फिरतो.

माणसाच्या डीएनएत साधारण ३०० कोटी अक्षरं असतात. जगातली कुठलीही दोन माणसं घेतली तर हजारात सुमारे एक अक्षर वेगळं निघतं, बाकीची सारखी. म्हणजे फरक आहेच, आणि मोजला तर तीसेक लाख अक्षरांचा आहे. प्रश्न असा की हा फरक कुठे बसलाय? जातीजातींच्या मध्ये, देशादेशांच्या मध्ये, की एकाच गटातल्या माणसामाणसांत?

१९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने हाच प्रश्न घेतला. तेव्हा डीएनए वाचता येत नव्हता. रक्तगट आणि रक्तातली प्रथिनं अशा १७ जनुकांची जगभरातली माहिती त्याने एकत्र केली आणि फरकाची वाटणी मांडली. माणसांमधल्या एकूण फरकापैकी सुमारे ८५ टक्के एकेका लोकसमूहाच्या आतच निघाला. एका वंशात मोजल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या समूहांमध्ये ८ टक्क्यांच्या आसपास, आणि ज्यांना आपण गोरे, काळे, पिवळे असे वंश म्हणतो त्यांच्यामध्ये जेमतेम ६ टक्के. २००२ मध्ये नोआ रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी जगातल्या ५२ समूहांतल्या १,०५६ माणसांचा डीएनए ३७७ ठिकाणी तपासला. समूहांच्या आतला वाटा त्यांना त्याहून मोठा मिळाला, ९३ ते ९५ टक्के.

याचा तुझ्या घरापुरता अर्थ सांगते. तुझ्या जातीतली, तुझ्या गावातली, एकमेकांच्या नात्यात नसलेली दोन माणसं उभी कर. मग त्यातल्या एकाशेजारी तुझा मित्र उभा कर. पहिल्या जोडीतला फरक आणि दुसऱ्या जोडीतला फरक जवळपास सारखाच भरेल. रक्तगटाचंच बघ. एकाच आईची दोन लेकरं, एक बी आणि एक ओ, हे प्रत्येक गावात आहे. ए-बी-ओची ही विभागणी इतकी जुनी आहे की ती गिबन माकडांतही सापडते. माणूस नावाचा प्राणी व्हायच्या आधीपासून चालत आलेला फरक आहे हा, तो दोनअडीच हजार वर्षांच्या जातींच्या हद्दी कुठून पाळणार? आत्याला कधी रक्ताची पिशवी लागलीच, तर ती तुझ्या बाबांच्या रक्तगटाशी जुळेलच असं नाही, आणि तुझ्या मित्राच्या रक्तगटाशी जुळू शकते. ब्लड बँकेच्या फॉर्मवर जातीचा रकाना नसतो, तो यासाठीच.

मग मेसेजमधला खरा तुकडा कोणता? लेवॉन्टिनचं काम एकेक जनुक सुटं धरून केलेलं होतं. २००३ मध्ये ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने बरोबर दाखवून दिलं की एका जनुकावरून माणूस कुठला ते कळत नाही, पण शेकडो-हजारो जनुकं एकत्र वाचली तर बऱ्यापैकी कळतं. आपल्याकडच्या बोलण्याचं तसंच आहे. 'पाणी' किंवा 'भाकर' एवढाच शब्द ऐकून माणूस कुठला ते सांगता येणार नाही. पाच वाक्यं बोलला की तो अमरावतीकडचा की साकोलीकडचा ते बसल्या जागी ओळखू येतं. पण म्हणून दोघं दोन भाषा बोलतात असं कुणी म्हणत नाही. निम्म्याहून कितीतरी जास्त शब्द तेच असतात, आणि साकोलीच्याच एका घरात आजी आणि नातू वेगळं बोलतात. ओळखू येणं निराळं आणि वेगळं असणं निराळं. मेसेज लिहिणाऱ्याने पहिलं घेतलं आणि दुसरं म्हणून विकलं.

भारतापुरतं तर नीट मोजलेलं आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले लालजी सिंग आणि के. थंगराज, तिकडे हार्वर्डचे डेव्हिड राइश, यांनी २००९ मध्ये देशातल्या २५ समूहांतल्या १३२ जणांचा डीएनए तपासला. मुख्य भूमीवरचा जवळपास प्रत्येक समूह दोन जुन्या लोकसमूहांच्या मिसळीतून झालेला निघाला. जातीचे लोक असोत, आदिवासी असोत, उत्तरेचे असोत की दक्षिणेचे, निव्वळ एकाच धाग्याचं कुणी नाही. मिसळीचं प्रमाण सगळीकडे सारखं नाही, हेही खरं. उत्तरेकडे आणि वरच्या म्हणवणाऱ्या जातींत एका धाग्याचा वाटा जास्त पडतो. पण शून्य आणि शंभर असं कुठेच नाही. २०१३ मध्ये प्रिया मूर्जानी आणि याच मंडळींनी मिसळीचा काळ काढला. साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीपर्यंत या देशात लोक एकमेकांत सर्रास लग्नं करत होते. नंतर हळूहळू दारं लागली आणि आपापल्यातच सोयरिकी सुरू झाल्या. आत्या ज्याला भेसळ म्हणते ती तिच्या पणज्यांच्या पणज्यांनी दोनेक हजार वर्षं मनापासून केली आहे. पूर्वजांना डीएनए आधीच माहीत होता म्हणे! असेलही, मग दारं लावायला त्यांना एवढा उशीर का झाला ते आतेभावाला विचार.

दारं लागली त्याचा परिणाम मात्र डीएनएत दिसतो, आणि इथे मेसेज अगदी उलटा वाचायला पाहिजे. भारतातल्या समूहांमधला सरासरी फरक एकूण फरकाच्या शंभरात एक भाग एवढाच आहे. पण युरोपातल्या देशादेशांत तो याहूनही कमी भरतो. म्हणजे शेजारी शेजारी राहून, एकाच विहिरीचं नाही तरी एकाच नदीचं पाणी पिऊन, आपण एकमेकांपासून जास्त तुटलो. थोड्या घरांपासून वाढलेला समूह पिढ्यान्‌पिढ्या आपल्यातच लग्नं करत राहिला, तर त्या थोड्या घरांत योगायोगाने असलेलं एखादं दोषाचं अक्षर सगळ्या समूहात पसरतं. बाहेरच्यांना तो आजार माहीतही नसतो. २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ समूहांचा असा अभ्यास आला. त्यातल्या ८१ समूहांत हा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यूंपेक्षाही जोरदार होता, आणि आनुवंशिक आजारांच्या पुस्तकांत उदाहरण म्हणून नेहमी तेच दोन समाज घेतात.

एक उदाहरण आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजाचं आहे. त्यांच्यातल्या काही जणांत रक्तातलं एक विकर कमी असतं. एरवी त्याचा काडीचा त्रास नाही. पण ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करायचं एक ठराविक औषध दिलं, तर ते मिनिटांत उतरायच्या ऐवजी माणूस कितीतरी वेळ हालचालीविना आणि आपल्या श्वासाविना पडून राहतो. माहीत असलेला भूलतज्ज्ञ ते औषधच टाळतो, संपला विषय. सांगायचं कारण असं की हा समाज व्यापारी, शिकलेला, खातापिता आहे. अशा अक्षराला वर-खाली कळत नाही. त्यामुळे 'त्याइच्यात आजार असतो' हे वाक्य कुणाच्याही तोंडी शोभत नाही. प्रत्येकाच्यात काहीतरी असतं, फक्त कुणाचं तपासलं गेलंय आणि कुणाचं नाही.

आणि समूहाच्या हद्दी साफ ओलांडणारीही अक्षरं आहेत. हृदयाच्या स्नायूच्या एका जनुकात २५ अक्षरं गळालेली असतात. वय वाढलं की त्यामुळे हृदय कमजोर होण्याचा धोका वाढतो. २००९ मध्ये ते उजेडात आलं. भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत ते आहे, जात, धर्म, भाषा न बघता. तुझ्या गावची वस्ती हजाराची असेल तर चाळीसेक माणसं धर.

सिकलचं अक्षरही मुळात जातीचं नाही, डासांचं आहे. अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात एकच अक्षर बदलतं, त्यामुळे हिमोग्लोबिनच्या साखळीतला सहावा दुवा बदलतो, आणि प्राणवायू कमी पडला की लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. दोन्ही प्रती तशा असतील तर हातपाय आणि पोट-पाठ दुखण्याचे झटके, रक्तक्षय, वारंवार जंतुसंसर्ग. एकच प्रत असेल तर माणूस धडधाकट असतो, वर त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. अँथनी ॲलिसनने १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे मांडलं. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाने माणसं गेली तिथे हे अक्षर टिकलं आणि वाढलं. आफ्रिका, सौदी अरेबिया, सिसिली, ग्रीसचे काही भाग, निलगिरी, आणि गडचिरोलीपासून मेळघाटापर्यंतचा आपला जंगलपट्टा. गोऱ्यापान ग्रीक माणसात एस आहे आणि आफ्रिकेतल्याच कित्येक समाजांत नाही.

ज्या समाजांत हे प्रमाण सगळ्यात जास्त आढळलंय, त्यांतही निम्म्याहून जास्त माणसं एए असतात. उलट 'आमच्यात नाही' म्हणणाऱ्या समाजांतही एएस निघतात, तू त्याचा पुरावाच आहेस. म्हणजे जात बघून सोयरीक जुळवणारा दोन्हीकडे फसतो. त्याने नाकारलेल्या घरात ते नसू शकतं आणि पसंत केलेल्या घरात असू शकतं.

रंगरूपाबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझ्या घरी तो विषय निघाल्याशिवाय राहणार नाही. त्वचेचा रंग हा अपवादातला गुण आहे. उन्हाशी त्याचा थेट संबंध असल्याने त्यातला बराचसा फरक खरोखरच प्रदेशाप्रदेशांमध्ये पडतो. आणि दिसतो तोच तेवढा, म्हणून बाकी सगळंही तसंच विभागलेलं असणार असं आपल्याला वाटतं. तसं नाही. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पऱ्हाटीच्या वावरात धसकटं वेचणाऱ्या बाईचा आणि कूलरपुढे बसणाऱ्या तिच्या बहिणीचा रंग कोणती जात ठरवते?

गोत्राचं एक राहिलं. आडनाव, कूळ, देवक ही सगळी बापाच्या बाजूने चालतात. आत्या लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली, म्हणून तिच्या मुलाचं आडनाव वेगळं, देवक वेगळं, आणि सोयरीक चालते. डीएनए मात्र देवक बघत नाही. आते-मामे भावंडांत सरासरी आठवा हिस्सा डीएनए एकाच आजी-आजोबांकडून आलेला असतो. अशा जोडप्याच्या मुलात सोळात एका ठिकाणी दोन्ही प्रती हुबेहूब त्याच पूर्वजाच्या निघतात. एरवी झाकलेला दोष तिथे उघडा पडतो. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात हजारो बाळांचा अभ्यास झाला. चुलत-आते-मामे नात्यातल्या लग्नांत जन्मजात दोषांचं प्रमाण ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. घाबरवायला सांगत नाही, शंभरातली चौऱ्याण्णव बाळं ठीकच होती. आणि ज्यांची अशी लग्नं होऊन गेलीत, त्यांनी हे सदर वाचून रात्र जागून काढू नये. पण 'घरातलं रक्त घरात' हा आरोग्याचा फायदा म्हणून कुणी तुझ्यापुढे ठेवत असेल, तर तो तोट्याच्या बाजूला लिही. तुझ्या बाबतीत तर नक्कीच, कारण बाबांची एस त्याच घरातून आली आहे.

आता काय करायचं ते सांगते.

आई म्हणते लपव. तिचं चूक म्हणवत नाही. एएस निघालेल्या मुलीचं स्थळ परत जातं आणि एएस निघालेल्या मुलाचं तपासणीचं कार्ड कपाटात जातं, हे तिने पाहिलंय. पण इथे लपवून कुणाचंच भलं नाही. आत्याला बाबांनी सांगायचं, तू नाही. तो तिचा भाऊ आहे, आणि एस दोघांना एकाच घरातून मिळालेली असू शकते. 'ताई, माह्यात निघाली, तू बी तपासून घे, पोराइचं बी पाय,' एवढं पुरे. लग्नाचा विषय त्या वाक्यात आणायचा नाही. तिने तपासणी केली तर तिच्या मुलासाठी पुढे येणाऱ्या कुठल्याही मुलीचं भलं होईल, आणि तिलाही कळेल की तिच्या रोजच्या वाक्यातलं 'त्याइच्यात' कुणाकुणाला लागू पडतं. बाबा ते बोलतील का? ते मला इथून कळत नाही. तू एएस निघाल्यावर ते स्वतः तपासणीला गेले होते, म्हणून मला आशा आहे.

मित्राच्या घरच्यांना तुम्ही दोघांनी मिळून सांगा, एचपीएलसी आल्यावर, दोन्ही रिपोर्ट हातात घेऊन. तिकडेही एखादी आत्या असेलच. ती म्हणेल, 'पोरगी आजारी हाय.' तेव्हा सांगायचं की एएस हा आजार नाही, माणूस सगळी कामं करतो, शेती करतो, बाळंतपणं होतात. फार उन्हात, फार दमवणारं काम करताना पाणी पीत राहायचं. गरोदरपणी डॉक्टरांना पहिल्याच भेटीत कार्ड दाखवायचं.

आणि समजा एचपीएलसीत तोही वाहक निघाला, तर? तेव्हाही लग्न मोडलंच पाहिजे असा नियम नाही. गर्भ १० ते १३ आठवड्यांचा असताना तपासून बाळाचं कळू शकतं, त्याची सोय मोठ्या केंद्रांत आहे. त्यानंतरचा निर्णय दोघांनी समुपदेशकाशी बोलून घ्यायचा. तो सोपा नसतो आणि प्रत्येक बाळंतपणाला पुन्हा घ्यावा लागतो, हे आधी माहीत असू दे. एसएस मुलांनाही आज हायड्रॉक्सीयुरियासारखं औषध आहे, लसी आहेत, पहिल्या वर्षापासून लक्ष ठेवता येतं. पण रडणाऱ्या लेकराला रात्रीबेरात्री मोटारसायकलवर तालुक्याला नेणारे आईबाप मी पाहिलेत, म्हणून हे गुळगुळीत करून सांगणार नाही. रिपोर्ट येईपर्यंत तारखा ठरवू नका.

जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची असं त्यात ठरलंय. तुझ्या आशाताई त्याच कामात असतील. त्यांना सांगून गावात पुन्हा एक दिवस ठरवा. एकट्या आत्याला बोलावलं तर ती येणार नाही. सगळी गल्ली रांगेत उभी असली की येईल.

लग्न करावं की नाही, हे तू विचारलेलं नाहीस आणि मी सांगणारही नाही. मुलगा कामाला कसा आहे, पितो का, रागावला की काय करतो, तुझी नोकरी राहू देणार का, यातलं पत्रात काहीच नाही. डीएनएच्या मेसेजपायी घरात महिनाभर भांडण झालं आणि या गोष्टी कुणी विचारल्याच नाहीत, असं बरेचदा होतं. ते आईशी बोल. कार्डाच्या बाबतीत ती घाबरली असली तरी मुलगा पारखायला तिच्याइतकं तुझ्या घरी कुणी नसणार.

मेसेजला उत्तर देऊ नकोस. आतेभावाने पाठवला तर एवढंच लिही, "दादा, तुझा एचपीएलसी रिपोर्ट पाठव." आणि पत्राच्या इथे न छापलेल्या भागात धाकट्या भावाचा ओझरता उल्लेख आहे, त्याची तपासणी झाल्याचं कुठे लिहिलेलं नाही. बाबा एएस आहेत, म्हणजे त्याचीही शक्यता निम्मी. त्याला या सोमवारीच घेऊन जा.